डोळे मिटायला शिकवणारा डायवर

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. मी हिमालयात गेलेलो नाही. उत्तरेला सगळ्यात लांब गेलो तो कानपूरपर्यंत, आणि तोही तांदळाची पोती पोचवायला. मला कुणी दाढीवाला गुरू भेटला नाही, स्वप्नात कुणी आलं नाही. अर्धं आयुष्य मी नागपूर-रायपूर रस्त्यावर ट्रक चालवला आणि उरलेलं आयुष्य लोकांना डोळे मिटून बसायला शिकवलं. गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरला मला 'डायवर गुरुजी' म्हणतात. काही जण मानाने म्हणतात, काही टोमणा मारायला. मी दोघांनाही ओ देतो.

या अंकाचे संपादक म्हणाले, तुम्हाला शांती कशी मिळाली ते लिहा. शांती मिळाली की नाही हे माझ्या बायकोला, कुसुमला विचारावं. तिचं म्हणणं, स्टेअरिंग सुटलं पण हॉर्न सुटला नाही. तेव्हा शांतीचं राहू द्या. मी कामाबद्दल लिहितो. हे काम आहे, आणि ते करणारी माणसं कुठून येतात याबद्दल लोकांच्या डोक्यात फार भलतंसलतं भरलेलं आहे.

काम असं. माणसं येतात, बसतात. मी त्यांना नाकाच्या खाली लक्ष ठेवायला सांगतो. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नुसता जाणायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, सोबत कुठलं नाव जपायचं नाही. पालीत याला आनापान म्हणतात. एवढंच शिकवायला मास्तर कशाला, असं कुणालाही वाटेल. मास्तर लागतो तो मधल्या भानगडींसाठी. कुणी श्वास पाहायचं सोडून ओढायला लागतो आणि त्याला चक्कर येते. कुणी घोरतो. कुणाचा पाय बधिर होतो आणि लाजेपोटी तो उठत नाही, मग एकदम उठतो आणि पडतो. एखादी बाई मुकाट्याने रडत असते, तिच्याजवळ जायचं की तिला एकटं सोडायचं हे तिच्या खांद्यांकडे पाहून ओळखावं लागतं. आणि काही माणसांनी डोळे मिटूच नयेत, हेही वेळेवर ओळखावं लागतं.

यासाठी आमच्यात परीक्षा नाही. आमच्यात मास्तर व्हायचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो. आधी दहा दिवसांच्या मौन शिबिराला बसायचं. मग पुन्हा बसायचं. मग दुसरे बसतील तेव्हा त्यांच्यासाठी भात रांधायचा, संडास धुवायचे, भांडी घासायची. हे वर्षानुवर्षं केल्यावर कधीतरी जुना आचार्य म्हणतो, उद्या लहान मुलांना तू बसव. तू हो म्हणतोस आणि घाबरतोस. पगार नाही, फी नाही.

माझं विचाराल तर मी पहिल्या शिबिराला गेलो तो झोपेसाठी. इतकी वर्षं रात्रीची गाडी चालवली की झोप मोडली ती मोडलीच. साळा म्हणाला, भाऊजी, तिथं जेवण फुकट, खाट फुकट, आणि बोलायचं नाही म्हणून कुणाशी भांडणही होणार नाही. तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरून फाटकापर्यंत गेलो होतो. फाटकावरच्या सेवकाने विचारलं, कुठे चाललात? मौन मोडायचं नाही म्हणून मला उत्तर देता येईना, म्हणून परत फिरलो. माझ्या साधनेची सुरुवात ही अशी आहे.

माझ्या ओळखीच्या आचार्यांत एक रेल्वेचा गँगमन आहे, एक ब्लाउज शिवणारी बाई आहे, दारू सोडलेला एक बँडवाला आहे, भिक्खूचं चीवर उतरवून संसारात परतलेले एक भन्ते आहेत. एक डॉक्टरही आहे. डॉक्टरला कुणी विचारत नाही की तुमचं बॅकग्राउंड काय. आम्हाला विचारतात. आणि सांगितल्यावर तोंडावर जो एक क्षण येतो ना, तो मी चांगला ओळखतो. आधी तो क्षण टाळायचो. आता मुद्दाम थांबून बघतो.

जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट झालं. तिथल्या मॅनेजरने मला सकाळच्या मेडिटेशनसाठी बोलावलं. पोरगा सभ्य होता, चहा-बिस्किटं दिली. मग म्हणाला, सर, तुमचं प्रोफाइल जरा बदलू, 'हिमालयात दीर्घ साधना' असं टाकू. आणि बुद्धाचं नाव नको, पाहुण्यांना धर्म आवडत नाही. पंचशीलही नको, त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं असतं आणि आमचा बार आहे. म्हणजे विद्या बुद्धाची, शिकवणारा बौद्ध, आणि दोघांचीही नावं खोडायची. सकाळी पाहुण्यांसमोर हात जोडून सांगितलं, मी शालिक रामटेके, ट्रक डायवर होतो, बौद्ध आहे, माझा आजा छप्पन साली बैलगाडीने नागपूरला दीक्षा घ्यायला गेला होता, आणि आता आपण जे करणार आहोत ते बुद्धाने शिकवलेलं आहे. दोन जण उठून गेले. बाकीचे बसले, आणि चांगले बसले. मॅनेजरने पुन्हा फोन केला नाही, मीही वाट पाहिली नाही.

दुसरं गिऱ्हाईक गोंदियातल्या एका राइस मिलचा मालक. त्याला वाटलं, कामगार ध्यान करतील तर कुरकुर कमी होईल. मी आनंदाने गेलो. मिलच्या शेडमध्ये रोज सकाळी सगळे बसायचे. आता विचार करा, भाताच्या मिलमध्ये माणसाला श्वासाकडे लक्ष दे म्हटल्यावर त्याला काय दिसणार? कोंडा दिसणार. इतकी वर्षं नाकातोंडात जात होता, पण हात कामात आणि मन घरी, म्हणून कुणी नीट पाहिला नव्हता. महिन्याभरात सगळ्यांनी मिळून मास्क आणि मोठे पंखे मागितले. शेठजींनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "गुरुजी, आप तो शांति सिखाने आये थे." म्हटलं, शेठजी, शांततेतच मागितलं त्यांनी. वर्ग बंद झाला. पंखे लागले, हे मला नंतर कळलं.

लोक म्हणतात ध्यानाने माणूस मऊ होतो. बाहेरचे म्हणाले तर मी हसून सोडून देतो. पण हेच जेव्हा घरचा माणूस म्हणतो तेव्हा सोडता येत नाही. आमच्या फुलचूरच्या विहाराचे अध्यक्ष धर्माजी गजभिये, सगळ्यांचे धर्माजी काका, हे मला रोज म्हणत. ऐंशीच्या घरातला माणूस. जन्मभर बिड्या वळल्या, बिडी कामगारांच्या मोर्चात पुढे राहिले, चळवळीत तुरुंगात गेले. विहाराच्या विटा त्यांनी स्वतः डोक्यावर वाहिल्या आहेत. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळचं ग्रंथवाचन आजही तेच करतात, चष्म्याशिवाय. मी सकाळी विहारात ध्यानाला बसवायला लागलो तेव्हा त्यांनी परवानगी दिली, पण स्वतः कधी बसले नाहीत. दारात काठी टेकवून उभे राहायचे, शेवटपर्यंत.

एकदा ध्यान संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या लोकाइचे डोरे उघडाले पिढ्या गेल्या, शालिक. अन तू मिटाले सांगून राहिला. कायले?"

मी म्हटलं, काका, एक दिवस बसून पाहा. ते म्हणाले, मी बसलो की हे सगळे झोपतील. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या खिशातून काय काय काढून नेतात हे त्यांनी पाहिलेलं आहे. मी त्यांच्याशी भांडलो तो त्यांना खोटं पाडायला नव्हे. मिटलेल्या डोळ्यांनीही माणूस जागा असतो, एवढंच मला त्यांना दाखवायचं होतं, आणि ते बोलून दाखवता येत नाही.

आता सविताबाई पटले. जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती ही.

सडक अर्जुनीजवळ हायवेला तिच्या सासऱ्याचा ढाबा होता. पोवार जातीच्या घरचा, चांगला चालणारा. मी क्लीनर होतो तेव्हापासून तिथे जेवलो आहे. ढाब्यामागे एक खुंटी होती, त्यावर आमच्या लोकांचे गिलास वेगळे टांगलेले असायचे. सासरा आधी नाव विचारायचा, मग गिलास द्यायचा. पुढे तो वारला, धंदा नवऱ्याकडे आला आणि ढाबा सविताबाई बघायला लागली, तेव्हा ती खुंटी गेली. तिने त्याचा गाजावाजा केला नाही. एक दिवस मी गेलो तर भिंतीला नुसतं भोक होतं.

नंतर एका ट्रकने रिव्हर्स घेताना तिच्या नवऱ्याला ढाब्याच्या भिंतीशी चिरडलं. त्यानंतर ब्रेकचा आवाज आला की तिच्या हातातली वस्तू पडायची. आणि ढाबा हायवेवर, तिथे ब्रेकचा आवाज थांबतो कधी? ढाबा तिने दिराला चालवायला दिला आणि मुलगी पल्लवी आणि अंथरुणाला खिळलेली सासू यांना घेऊन ती फुलचूरला राहायला आली. एक दिवस रस्त्यात मला अडवून म्हणाली, भाऊ, तुमी आता झोपता म्हनते, कसं? मी विहाराचा पत्ता दिला. ती आली. तिच्या घरच्यांनी किती आकांडतांडव केलं असेल ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्यांना ते माहीत आहे.

ती बसत गेली. शिबिरं केली. मग स्वयंपाकघरात आली. शंभर माणसांचं वरण एकटी सांभाळायची, ढाब्याचा हात होता. त्रिशरण-पंचशील सगळ्यांसोबत पालीत म्हणायची. दीक्षा मात्र तिने घेतली नाही. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, घरातले देव माझ्या सासूचे आहेत आणि सासू खाटेवरून त्यांना हात जोडते, ती आहे तोवर मी देव उचलणार नाही. पुढचं पुढे. काकांना ते पटलं नाही. मला पटलं.

ती मास्तर आहे हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगतो. आम्ही तिच्याच जुन्या ढाब्यावर डायवरांना सकाळी बसवायचो, आंघोळी उरकल्यावर, खाटांवर. चिचगडकडचा एक जवान पोरगा होता, लाकडाची गाडी चालवायचा. डोळे मिटल्यावर थोड्या वेळाने त्याचे हात थरथरायला लागले, मग दात वाजायला लागले. त्याच्या गाडीखाली कुणी आलं होतं, ते नंतर कळलं. मी पुस्तकी वागलो, आवाज हळू करून म्हटलं, फक्त श्वासाकडे पाहा. सविताबाई उठली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "डोळे उघड, बापू. पाय जमिनीवर ठेव. रस्त्याकडं पाह अन येनाऱ्या गाड्याइचे नंबर वाच मले." तो वाचायला लागला. एमएच पस्तीस, सीजी चार. वाचता वाचता थरथर थांबली. तिने त्याला नंतर कितीतरी दिवस डोळे मिटू दिले नाहीत. उघड्या डोळ्यांनी चालायला लावलं, आणि चालताना पाऊल कुठे टेकतं ते पाहायला सांगितलं. ज्या रस्त्याने तिचा नवरा नेला त्याच रस्त्याच्या कडेला उभी राहून ती हे करत होती, आणि मागे ब्रेक वाजत होते.

मागच्या वर्षावासाच्या तोंडावर माझं बायपास झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर सलग बोलायचं आता बंद. विहाराच्या कमिटीची बैठक बसली, सकाळचं ध्यान कोण घेणार? मी म्हटलं, सविताबाई घेईल.

आमच्या विहारात बुद्धमूर्तीच्या बाजूला शिकवणाऱ्याचं आसन आहे, हातभर उंच. त्यावर भन्ते बसतात, ते नसले तर मी बसायचो. काका बोलायला उभे राहिले. सुरुवातीला आवाज चढवला नाही. म्हणाले, मीही त्या ढाब्यावर पाणी प्यालो आहे, खुंटीवरच्या गिलासात, आणि पिऊन झाल्यावर तो मलाच विसळून ठेवावा लागला. मी म्हटलं, ती खुंटी तिनेच काढली.

"काढली तं बरं केलं," काका म्हणाले. "पन खुंटी काढली म्हनून आसन द्याचं का? ह्या विटा आमी वाहिल्या. आमचं एवढं एकच घर आहे जिथं आमी वर बसतो. तिथंबी त्याइनंच वर बसाचं, अन आमी खाली बसून श्वास कसा घ्याचा ते शिकाचं?"

याचं उत्तर मला आजही पूर्ण सापडलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, काका, मी तिला आसन खुंटीसाठी देत नाही. थरथरणारा पोरगा तिच्यासमोर शांत झाला आणि माझ्यासमोर नाही झाला, म्हणून देतो. काका म्हणाले, दुसरीकडे शिकव म्हणावं. मी म्हटलं, मग मीही दुसरीकडे. छातीचे टाके ओले होते आणि मी असा तावातावाने बोललो की कुसुमने मला हात धरून घरी आणलं. ध्यान बंद पडलं. विहारातल्या बाया माझ्या ओसरीवर यायला लागल्या, पण मला तासभर बोलायची मनाई होती, आणि सविताबाई म्हणाली, भाऊ, माझ्यावरून विहार फोडू नका. ती ओसरीवर शिकवायला तयार झाली नाही. म्हणाली, शिकवीन तर सगळ्यांच्या होकाराने, चोरून नाही.

मधल्या काळात पल्लवीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी नर्स, गोंदियाला नोकरी. मुलगा तिरोड्याकडचा, त्यांच्यातलाच, शिकलेला. दोघं एकमेकांना पसंत होती. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं की मुलीची आई बौद्धांच्या विहारात जाते आणि आता तिथे मास्तरीण होणार आहे. त्यांनी दिराच्या तोंडून निरोप पाठवला. तिने विहारात पाऊल ठेवणं बंद करावं आणि तसं चार पाहुण्यांसमोर सांगावं, तरच पुढची बोलणी.

ही बातमी फुलचूरभर झाली. दुसऱ्या दिवशी धर्माजी काका ऑटोने माझ्या दारात उतरले. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. घामाघूम झाले होते.

"शालिक," म्हणाले, "आमच्या विहारात बसल्यानं त्याइचं लगन मोडते म्हनते?"

मी म्हटलं, तसंच म्हणतात.

"मंग ती बसन. रोज बसन. वरच्या आसनावर बसन. मी स्वतः आसन झाडून देतो."

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. म्हटलं, काका, काल तुम्हाला ती नको होती कारण ती त्यांची, आणि आज ती हवी कारण त्यांना तुम्ही नको. ती कुणाचा झेंडा आहे का, तुम्ही उचलायला आणि त्यांनी खाली ओढायला? काका म्हणाले, नाही म्हणायचा हक्क आमचा होता. आमचं घर विटाळ म्हणून दुसऱ्याने तिला अडवावं, हे मी मरेपर्यंत ऐकून घेणार नाही. आणि खरं सांगतो, हे ऐकल्यावर माझा राग निम्मा उतरला. त्यांचं कारण चुकीचं होतं असं मी म्हणू शकत नाही. फक्त त्या कारणात सविताबाई कुठेच नव्हती.

मी तिला फोन लावला. काकांनी तिला बोलावणं दिलं, पूर्ण मानाने, अध्यक्ष म्हणून. ती म्हणाली, काका, माझ्या पोरीचा संसार आहे, मला विचार करू द्या. काका पुढे बोलायला लागले तर तिने नमस्कार करून फोन ठेवला. मी तिला ये म्हटलं नाही. नको येऊस असंही म्हटलं नाही. लोक मला नंतर म्हणाले, तू तिला अडवायला हवं होतं, एका पोरीचं लग्न होतं. मी त्यांना विचारतो, अट घालणाऱ्यांना तुम्ही जाऊन अडवलं का? नाही ना, मग मला शिकवू नका.

तिने मुलाकडच्यांना स्वतः तिरोड्याला जाऊन सांगितलं. चार पाहुण्यांसमोरच सांगितलं, त्यांनी मागितलं होतं तसंच. विहारात जाते, जात राहीन, तुमच्या घरी येईन तेव्हा तुमच्या देवालाही हात जोडीन. त्यांनी लग्न मोडलं. पल्लवी आईशी बोलेनाशी झाली. याचा दोष मी पल्लवीला देणार नाही. तिला तो मुलगा आवडला होता, आणि तिच्या आयुष्याचा निर्णय तिला न विचारता आईने एका खोलीत उभं राहून घेऊन टाकला होता. हेही सविताबाईनेच मला सांगितलं, न रडता, सरळ.

आणि तिरोड्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काकांना आधी निरोप देऊन, ती विहारात आली.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत मागे बसलो होतो, मांडी घालायला परवानगी नव्हती. विहार भरलेला होता. ज्या कधी येत नसत त्या बायाही आल्या होत्या, काय होतं ते बघायला. काकांनी खरंच आसन झाडलं होतं, त्यावर पांढरी चादर घातली होती. आणि ते माईकपाशी उभे होते. भाषणाची तयारी करून आले होते हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. तिरोड्याच्या लोकांना ते आज सोडणार नव्हते. 'बंधू-भगिनींनो' म्हणाले, तेवढ्यात सविताबाई आसनाजवळ पोचली.

"काका," ती म्हणाली, "भाषन मंग. आता बसा."

काकांना जन्मात कुणी भाषणाच्या मध्ये बसा म्हटलं नव्हतं. ते थांबले, बाजूला झाले, दाराकडे निघाले, मग दाराशी न जाता पुढच्या ओळीत बायांनी सरकून केलेल्या जागेत बसले. काठी मांडीवर आडवी. डोळे त्यांनी मिटले नाहीत. सताड उघडे ठेवून ते तिच्याकडे पाहत होते.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. ती आसनावर बसली. माईक तिने बंद करायला सांगितला, आवाज तसाही पोचतो म्हणाली. मग नाकाखाली लक्ष ठेवायला सांगितलं, श्वास आत येऊन राहिला, बाहेर जाऊन राहिला, असं तिच्या बोलीतच सांगायला लागली. मी नेहमी ते पुस्तकी मराठीत सांगायचो. आवाज स्थिर होता. हळूहळू ओळी शांत झाल्या. मला वाटलं जमलं, आता मी डोळे मिटायला हरकत नाही.

आणि तेव्हाच ती बोलता बोलता थांबली. वाक्याच्या मधोमध. मी डोळे उघडले. तिचे हात मांडीवर घट्ट आवळले होते, ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. बाया डोळे उघडून एकमेकींकडे पाहू लागल्या. मागून कुणीतरी खाकरलं. आमच्या कामात हा सगळ्यात वाईट प्रसंग, शिकवणाराच समोर मोडतो तो. इतक्या वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली की मी काय करायचो ते मला माहीत आहे. मी काही क्षण गप्प राहायचो, जणू गप्प राहणं हा शिकवण्याचाच भाग आहे, आणि मग काही झालंच नाही अशा आवाजात पुढे जायचो. कुणाला कधी कळलं नाही. मी खुर्चीचा हात धरून अर्धा उठलोही होतो, तिच्याऐवजी पुढचं सांगायला. छातीत ओढ बसली आणि खाली बसलो.

तिने डोळे उघडले. काकांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"माहं मन पोरीकडं गेलं होतं," ती म्हणाली. "वापस आनलं. तुमचंबी गेलं असन, तं आना."

आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

तिला श्वास पाहायला मी शिकवलं, बसायला मी शिकवलं, पाली म्हणायला मी शिकवलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. मला येतच नव्हतं.